मेळघाटच्या वाटेवर

मुलांनो, एक शब्द मोठ्याने म्हणून पाहा : मेळघाट.

काय म्हणालात? 'मेलघाट'? हरकत नाही. आठवीत असेपर्यंत मीही असेच म्हणत असे. आपल्या उर्दूत 'ळ' हे अक्षर नाही. जे अक्षर लिहिता येत नाही ते जिभेलाही लवकर सापडत नाही. वर्गात मराठीच्या तासाला मी उभी राहून 'मेलघाट' म्हटले, तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन मुली खुदकन हसल्या होत्या. त्यांनाही 'ळ' येत नव्हता, पण हसता येत होते. त्या दिवसापासून मी मराठीच्या तासाला हात वर करणे सोडून दिले.

मेळ म्हणजे भेट, एकत्र येणे. अनेक घाट जिथे एकमेकांना भेटतात तो मेळघाट. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याची जी रांग आहे, तिचा हा भाग. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या पाच नद्या या डोंगरांतून वाहतात आणि शेवटी तापीला मिळतात. तुम्ही अचलपूर, परतवाडा, अकोट किंवा अंजनगाव या भागातले असाल, तर घराच्या गच्चीवरून तुम्हाला उत्तरेला निळ्या डोंगरांची एक लांब भिंत दिसत असेल. आम्हालाही ती रोज दिसे. पण भिंतीच्या पलीकडे काय आहे, ते आमच्या घरात कोणी पाहिले नव्हते.

१९९१ च्या डिसेंबरात मामूंनी एक जुनी जीप विकत घेतली. तिचा रंग उडाला होता, एका बाजूचे दार दोरीने बांधावे लागे. पण मामूंना तिचा फार अभिमान होता. "चलो, सबको पहाड दिखाता हूँ," असे ते म्हणाले आणि एका पहाटे आम्ही सात जण अचलपूरहून निघालो. अब्बा पुढे बसले. मागे अम्मी, खाला, खालाचा मुलगा, माझा धाकटा भाऊ आणि मी. पायांपाशी पराठ्यांचा डबा, नानखटाईचा डबा, पाण्याची सुरई आणि दोन रजया.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जायला दोन वाटा आहेत. एक घटांगवरून जाते, दुसरी धामणगाव गढीवरून. मामूंनी दुसरी धरली. थोड्याच वेळात सपाट जमीन संपली आणि रस्ता वळणे घेऊ लागला. दोन्ही बाजूंना सागाची झाडे. सागाची पाने एवढी मोठी असतात की एका पानाची पत्रावळ होईल. डिसेंबरात ती तांबूस होऊन गळायला लागतात आणि जीप त्यांच्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. प्रत्येक वळणावर खाला डोळे मिटून घेत. माझा भाऊ मात्र बाहेर वाकून खाली आमचे गाव दिसते का, ते शोधत होता.

याच धामणगावच्या बाजूने पूर्वी एक फौज डोंगरात शिरली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांना गाविलगड घ्यायचा होता. किल्ल्याची उत्तरेकडची बाजू त्यातल्या त्यात सोपी होती. पण तिथे पोचायला डोंगर ओलांडावे लागत होते आणि तोफा जातील असा रस्ता नव्हता. तेव्हा कर्नल स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी स्वतः वाट तयार केली आणि जड तोफा हातांनी ओढत, दऱ्या ओलांडत, किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. आमची जीप एका चढावर कण्हत होती, तेव्हा हे मला ठाऊक असते तर मी तिला नावे ठेवली नसती.

घाट चढून गेल्यावर मोथा नावाचे गाव लागते. तिथे गवळी लोक राहतात. म्हशी पाळायच्या आणि दूध आटवून खवा करायचा, हा त्यांचा धंदा. मोठ्या कढईत दूध रटरटत होते आणि एक बाई लांब उलथन्याने ते सारखे ढवळत होती. आम्ही पळसाच्या पानावर गरम खवा घेतला. थंडीने बोटे काकडली होती. त्या पानाची ऊब मला अजून आठवते. गाविलगड हे नावही या गवळ्यांवरून पडले, असे सांगतात.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. भीमाने इथे कीचकाला मारले, म्हणून कीचकदरा आणि त्याचे पुढे चिखलदरा झाले, अशी कथा आहे. भीमाने हात धुतले ती जागा म्हणजे भीमकुंड. तिथे पावसाळ्यात उंच धबधबा कोसळतो. इंग्रजांच्या काळात इथे कॉफीची झाडे लावली गेली, ती अजून आहेत. सरकारी बाग आहे, तलाव आहेत आणि पुष्कळ 'पॉइंट' आहेत. पॉइंट म्हणजे जिथे गाडी थांबवून, कठड्याला टेकून, दरी पाहायची आणि फोटो काढून पुढे निघायचे. आम्हीही तेच केले. एका दिवसात सहा पॉइंट पाहिले. खरे सांगू का? आज त्यांतला एकच मला नीट आठवतो, पंचबोल. तिथे दरीकडे तोंड करून हाक मारली की हाक पुन्हा पुन्हा परत येते. माझ्या भावाने स्वतःचेच नाव घेऊन हाका मारल्या आणि दरीने प्रत्येक वेळी ओ दिली. अब्बांनी त्याला हात धरून ओढत आणले, तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाविलगड पाहायला गेलो. या किल्ल्याबद्दल मी तुम्हाला जरा सविस्तर सांगणार आहे, कारण त्याच्याशी तुमचे एक नाते आहे.

बहमनी सुलतान अहमदशाह वली याने हा किल्ला १४२५ च्या सुमारास बांधला. पुढे बहमनी राज्याचे तुकडे झाले तेव्हा वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला. ते साल १४९०. त्याच्या घराण्याला इमादशाही म्हणतात आणि आपले अचलपूर, म्हणजे जुने एलिचपूर, तिची राजधानी होते. या फतहुल्लाहची गोष्ट मोठी विलक्षण आहे. तो जन्माने दक्षिणेतल्या एका कानडी हिंदू घरातला. लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान म्हणून वाढला आणि आपल्या कर्तबगारीवर सुलतान झाला. किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावर सिंह आणि हत्ती कोरलेले आहेत. त्यांच्याबरोबर दोन तोंडांचा एक पक्षीही आहे. त्याला गंडभेरुंड म्हणतात. हे दक्षिणेकडच्या राजांचे आवडते चिन्ह. लहानपणी कधी तरी पाहिलेला तो पक्षी वऱ्हाडच्या डोंगरावर बसवताना फतहुल्लाहच्या मनात काय आले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

किल्ल्यावर फारसी लेख कोरलेले आहेत. अब्बा एका लेखापुढे उभे राहिले आणि बोटाने एकेक अक्षर लावू लागले. दगड झिजला होता. अक्षरे एकमेकांत गुंतली होती. तरी काही शब्द त्यांनी वाचले. सहलीला आलेली एका मराठी शाळेची मुले आमच्याभोवती जमली. त्यांचे गुरुजी म्हणाले, "आम्ही दरवर्षी येतो, पण हे आम्हाला कोणी वाचून दाखवले नव्हते." अब्बांनी मला पुढे केले. "बेटा, यह लफ़्ज़ पढो." मी वाचले. मुले माझ्याकडे पाहतच राहिली. मराठीच्या तासाला हात वर न करणारी मी, त्या दगडापुढे मात्र एकदम शहाणी ठरले. किल्ला, दरवाजा, बुरूज, फौज, तोफ हे त्या मुलांच्या मराठी पुस्तकातले शब्दही आपल्याच घरातून तिकडे गेलेले आहेत, हे तेव्हा माझ्या प्रथमच लक्षात आले.

वर मोठी मशीद आहे. समोर सात कमानी, आत खांबांच्या रांगा. छताचा बराच भाग पडला आहे आणि खांबांच्या फटींतून गवत उगवले आहे. मामूंनी आणि अब्बांनी तिथेच जुहरची नमाज पढली. आम्ही बाहेर कट्ट्यावर बसलो. खाली तलावाचे हिरवे पाणी आणि त्याच्या पलीकडे दरी. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी हा किल्ला घेतला. त्या वेळी तो नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे होता. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. आमची सहल डिसेंबरातलीच होती. एवढ्या शांत जागेत एवढी माणसे मेली असतील, हे खरे वाटत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही सेमाडोहकडे उतरलो. इथून खरे जंगल सुरू होते. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटची निवड झाली. पुढे १९८७ मध्ये त्यातल्या एका भागाला गुगामळ राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर करण्यात आले. राष्ट्रीय उद्यान म्हणजे शहरातल्या बागेसारखे उद्यान नव्हे. तिथे फुलांचे वाफे नसतात, झोके नसतात. तिथे माणसाने काही लावायचे नसते आणि काही तोडायचेही नसते. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर, रानकुत्री, चौसिंगा, सारे आपापल्या घरात असतात. आपण पाहुणे असतो.

आम्हाला वाघ दिसला नाही. वाघ दिसलाच, अशी थाप माझा भाऊ शाळेत मारत असे, पण तुम्ही विश्वास ठेवू नका. एका वनरक्षकाने आम्हाला सिपना नदीच्या वाळूत वाघाची पावले दाखवली. "रात्री इथे पाणी प्यायला, मग त्या बाजूला गेला. घाईत नव्हता," असे तो म्हणाला. मी त्या वाळूकडे पुष्कळ वेळ पाहिले. मला नुसते खड्डे दिसत होते. अब्बा हळूच मला म्हणाले, "देखो, यह भी पढना है."

परतीच्या चढावर जीपने दगा दिला.

आधी जळका वास आला. मग समोरून वाफ निघू लागली आणि गाडी थांबली. मामूंनी झाकण उघडून पाहिले. रेडिएटरचे पाणी उकळत होते आणि खालून थेंब थेंब गळतही होते. इंजिन गार होईपर्यंत थांबणे भाग होते. नंतर ओतायला पाणी हवे होते आणि आमची सुरई कधीच रिकामी झाली होती. दुपार कलली होती. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर थांबणे बरे नव्हे, हे कोणी बोलून दाखवले नाही, पण अम्मी ओठांतल्या ओठांत दुआ पढू लागली होती.

झाडीच्या पलीकडे धूर दिसत होता. अब्बा, माझा भाऊ आणि मी पत्र्याचा डबा घेऊन तिकडे निघालो. अब्बांचा गुडघा दुखत होता, म्हणून ते वाटेवरच एका दगडावर बसले. "मी इथून तुम्हाला पाहतो आहे, जा," असे त्यांनी सांगितले.

ते कोरकू लोकांचे गाव होते. कोरकू गावाची रचना मोठी नेटकी असते. मध्ये सरळ, रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा. कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या, अंगण शेणाने सारवलेले. एकाही दारासमोर केर नव्हता. पहिल्याच घरापुढे एक आजी सुपात धान्य पाखडत होती आणि माझ्याएवढी एक मुलगी शाळेच्या निळ्या झग्यात बसून लाकडे मोडत होती. ती आश्रमशाळेत शिकत होती आणि सुटीला घरी आली होती, हे मला मागाहून कळले.

मी म्हणाले, "पानी मिलेगा?"

तिला हिंदी नक्कीच कळत होती. मेळघाटच्या बाजारात सगळे हिंदीच बोलतात. पण माझे शहरातले कपडे पाहून तिला काय वाटले कोण जाणे. ती गुरुजींपुढे उभे राहावे तशी ताठ उभी राहिली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आपल्याला किती पाणी पाहिजे?"

मी चकितच झाले. हे तर आमच्या पुस्तकातले वाक्य! मग मीही पुस्तकातलेच उत्तर दिले. "आम्हाला एक डबा पाणी पाहिजे. आमची गाडी बंद पडली आहे."

"आपण कोणत्या गावाहून आलात?"

"आम्ही अचलपूरहून आलो. आपण कोणत्या इयत्तेत शिकता?"

"मी सातवीत शिकते. आपण?"

असा आमचा 'संवाद' चालला. माझा भाऊ आळीपाळीने दोघींच्या तोंडाकडे पाहत होता. हिंदीत बोललो असतो तर सगळे काम दोन मिनिटांत झाले असते. पण दोघींनाही हा खेळ आवडला होता. मराठी तिच्या घरात बोलत नव्हते आणि माझ्याही. त्यामुळे चुकले तर हसणारे तिथे कोणी नव्हते.

पाणी घेऊन आम्ही जीपकडे आलो. मामूंनी थोडे ओतले, पण गळती थांबेना. ते म्हणाले, "थोडी हल्दी मिल जाए तो काम बन जाए." हळदीची पूड पाण्यात घातली की ती बारीक भोकात जाऊन बसते, असा त्यांचा जुना अनुभव होता. मी पुन्हा गावात पळत गेले आणि त्या मुलीला म्हणाले, "मला थोडी हलद पाहिजे."

"हलद?" तिला कळले नाही.

"हलद! पिवली असते ती."

आता तर तिला अजिबातच कळले नाही. 'हल्दी' म्हटले असते तर लगेच कळले असते. पण मराठीत सुरू केलेले बोलणे मराठीतच पुरे करायचे, अशी मला जिद्द चढली होती. मी चूल दाखवली, बोटे पिवळी झाल्याचा अभिनय केला. तेव्हा ती म्हणाली, "हळद! पिवळी!" आणि हसली नाही. पुन्हा एकदा सावकाश म्हणाली, "हळद. जीभ मागे वळव." मी जीभ मागे वळवली. चौथ्या वेळी जमले. मुलांनो, तुम्हीही करून पाहा. टाळूला जीभ मागच्या बाजूला टेकवायची आणि पटकन सोडायची. हळद. पिवळी. मेळघाट.

आजीने मडक्यातून मूठभर हळद काढून पानात बांधून दिली. तिला मराठी येत नव्हती. ती नातीशी कोरकूत बोलत होती. तिच्या बोलण्यातला एकही शब्द माझ्या ओळखीचा नव्हता. मी मुलीला विचारले, "पाण्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"दा."

"आणि वाघाला?"

"कुला." हा शब्द तिने जरा हळू आवाजात उच्चारला.

हळद घेऊन माझा भाऊ पळाला. थोड्या वेळाने तो नानखटाईचा डबा घेऊन परत आला. अम्मीने पाठवला होता. आजी पैसे घेणार नाही, हे अम्मीने बसल्या जागी ओळखले होते. मी म्हणाले, "तुमच्या भाषेत मोजून घे." मुलीने हात पुढे केला आणि पहिली नानखटाई तळहातावर ठेवून म्हणाली, "मिया."

"मियाँ!" माझा भाऊ ओरडला आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. मियाँ म्हणजे एक! केवढी गंमत!

ती हसली नाही. तिने हात मागे घेतला. मान खाली घातली आणि पुन्हा लाकडे मोडू लागली.

माझे हसू घशातच अडकले. मला आमचा वर्ग आठवला. मागचा बाक आठवला. तिने मघाशी माझ्या 'हलद'ला हसायला हवे होते, पण ती हसली नव्हती. मला काय बोलावे ते सुचेना. 'माफ कर' हे शब्द पुस्तकात कुठल्या धड्यात होते, तेही आठवेना. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, नानखटाई माझ्याच तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "मिया. बरोबर?"

ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बरोबर." दुसरी तिने ठेवली. "बारी." तिसरी. "आफई." चौथी. "उफुन." पाचवी. "मोनोई." प्रत्येक आकडा मी तिच्यामागून म्हटला. आजी सूप खाली ठेवून आमच्याकडे पाहत होती.

एवढ्यात मामूंनी जोरात हॉर्न वाजवला. गळती थांबली होती. अब्बा दगडावरून उठून हाका मारत होते. डबा आजीच्या हातात देऊन आम्ही पळालो. झाडीपाशी आल्यावर मी वळून पाहिले. गावाबाहेर एका झाडाखाली कोरीव लाकडी फळी उभी होती. तिच्यावर सूर्य, चंद्र आणि घोड्यावर बसलेला माणूस कोरला होता. कोरकू लोक आपल्या मृत माणसाच्या आठवणीसाठी अशी फळी उभारतात. तिला मुंडा म्हणतात. तेव्हा मला एवढेच वाटले की ते एक सुंदर चित्र आहे.

गावाचे नाव विचारायचे राहूनच गेले. आणि सहाला काय म्हणतात, तेही.

पुढे शिक्षणासाठी मी शहरात गेले. तिथल्या वाचनालयात एका पुस्तकात मला कोरकूबद्दल वाचायला मिळाले. उर्दू आणि मराठी या बहिणी आहेत, एकाच मोठ्या घराण्यातल्या. कोरकू मात्र या घराण्यातली नाही. ती मुंडा भाषांपैकी आहे. संथाळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी, पण त्या राहतात फार दूर, झारखंड, ओडिशा आणि बंगालच्या बाजूला. सगळ्या बहिणींपासून दूर, पश्चिमेकडे एकटी राहिलेली ही भाषा आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लावला की अनेक माणसे. कोरकू म्हणजे माणसे. म्हणजे त्या मुलीला मराठी शिकताना माझ्यापेक्षा कितीतरी लांबची वाट चालावी लागली होती. माझे तर निम्मे शब्द आधीच ओळखीचे होते.

गेल्या जानेवारीत मी माझ्या मुलीला घेऊन पुन्हा मेळघाटात गेले. ती नववीत आहे आणि तिला वाघ पाहायचा होता. आता जंगलात जायला परवाना काढावा लागतो. वन विभागाने ठरवलेली गाडी आणि बरोबर वाटाड्या असतो. आमचा वाटाड्या विशीतला कोरकू तरुण होता. मराठी तो माझ्यापेक्षा चांगली बोलत होता. वाघ याही वेळी दिसला नाही. पण एका वाळलेल्या फांदीवर त्याने आम्हाला रानपिंगळा दाखवला. हे लहानसे घुबड दिवसाही बाहेर बसते. १८८४ नंतर ते कोणाला सापडलेच नव्हते. ते नाहीसे झाले, असे सगळे धरून चालले होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते सातपुड्यातच शहाद्याजवळ दिसले. नंतर मेळघाटातही सापडले. ते इथेच होते. पाहणारे आले नव्हते, इतकेच. माझ्या मुलीने दुर्बीण बराच वेळ खाली ठेवली नाही.

मी वाटाड्याला त्या गावाबद्दल विचारले. चढ, वळण, झाडी, जसे आठवत होते तसे सांगितले. तो म्हणाला, "ताई, अशी गावे पुष्कळ होती. काही आहेत, काही उठली." वाघांना मोकळी जागा मिळावी म्हणून व्याघ्र प्रकल्पातली काही गावे बाहेर वसवली आहेत. २००८ पासून प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याची योजना आली, पुढे ती रक्कम वाढली. बाहेर गेलेल्यांना रस्ता मिळाला, दवाखाना जवळ आला. काहींचे पैसे लवकर संपले. काहींना नव्या जागी करमेना. २०१९ च्या जानेवारीत काही गावकरी जंगलात परतले तेव्हा वन कर्मचाऱ्यांशी त्यांची मोठी झटापटही झाली. "तुझे गाव?" मी विचारले. "आमचेही उठले. मी तेव्हा लहान होतो. आजोबांचा मुंडा तिकडेच आहे." त्याने एका गवताळ माळाकडे बोट दाखवले. तिथे पाच-सहा सांबरे चरत होती. मुलीने फोटो काढायला फोन उचलला आणि काय वाटले कोण जाणे, तो पुन्हा खाली ठेवला.

मी त्याला म्हणाले, "मला कोरकूत पाचपर्यंत मोजता येते." आणि मोजून दाखवले. तो खूश झाला. "आणि सहा?" मी विचारले. त्याने तोंड उघडले, मग थांबला. बोटे मोजली. "आम्ही मराठीतच मोजतो," असे म्हणून तो जरा ओशाळला. "माझ्या आजीला येत होते."

चिखलदऱ्याला परतल्यावर रस्त्याच्या कडेला एक म्हातारी कोरकू बाई पेरू विकत बसली होती. वाटाड्याने गाडी तिथेच थांबवली आणि तिला काहीतरी विचारले. तिने आमच्याकडे पाहिले, मग टोपलीतला एक पेरू उचलून माझ्या मुलीच्या ओढणीत टाकला. "मिया." मुलीने माझ्याकडे पाहिले. ती हसली नाही. ही गोष्ट तिने माझ्याकडून अनेकदा ऐकली आहे. बारी, आफई, उफुन, मोनोई. मी पुढे झाले. म्हातारीने सहावा पेरू उचलला.

"तुरुई."

"तुरुई," मी म्हणाले. वाटाड्याही म्हणाला.

"एई. इलार. आरेई." दहावा पेरू ओढणीत पडला. "गेल."

"गेलं?" माझी मुलगी म्हणाली. "कुठे गेलं?"

म्हातारी मोठ्याने हसली आणि तिने अकरावा पेरू मोजल्यावाचूनच वर टाकला.